गाळणीत अडकलेली खरी पत्रे

(बोदलकसा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



वाचन, लेखन आणि गणित हे आपल्या परिषदेचे नेहमीचे विषय. ते बाजूस सारून शाळेच्या ई-पत्त्यावर येणाऱ्या पत्रांसंबंधी मी बोलणार आहे, हे ऐकून आपणांपैकी काहींस नवल वाटले असेल. हा तर कारकुनीचा विषय, त्याचा मुलांच्या शिक्षणाशी काय संबंध, असा प्रश्नही मनात आला असेल. परंतु शिष्यवृत्तीची सूचना, प्रशिक्षणाचा आदेश, प्रदर्शनासाठी झालेली निवड, बँकेने मागितलेला एखादा दाखला, हे सर्व पूर्वी टपालाच्या लखोट्यातून येत असे. आता ते बहुतांशी ई-मेलने येते. लखोटा आला नाही तर पोस्टमनला विचारता येत असे. ई-मेल आलाच नाही असे वाटले तर कोणास विचारावे? आणि पुष्कळदा गंमत अशी असते की तो आलेला असतो. आपल्याच खात्यात, आपल्याच मोबाईलमध्ये, ज्या कप्प्याकडे आपण कधी पाहत नाही त्या कप्प्यात पडून असतो.

त्या कप्प्याचे नाव स्पॅम. न मागता, एकगठ्ठा, असंख्य लोकांना पाठविलेल्या जाहिराती आणि फसवणुकीची पत्रे यांस हे नाव पडले. मुळात ते अमेरिकेतील डबाबंद मांसाच्या एका प्रकाराचे नाव. १९७० साली इंग्लंडात दूरचित्रवाणीवर एक प्रहसन झाले. त्यातील उपाहारगृहात कोणताही पदार्थ मागवा, त्यात हे मांस असावयाचेच, आणि त्या शब्दाच्या गजरात दुसरे कोणाचे बोलणे ऐकू येऊ नये, असा तो विनोद होता. नको असलेल्या पत्रांच्या गलक्यास ते नाव चपखल बसले. अशा पत्रांपैकी पहिले म्हणून जे सांगितले जाते ते ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत निघाले. एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकाच वेळी धाडली होती. त्यावर बरीच आरडाओरड झाली. आज तेवढी पत्रे जगात एका क्षणाच्याही लहानशा अंशात निघत असतील. ती सारी आपल्यापुढे येऊन पडली तर कामाचे पत्र शोधणे अशक्य होईल. म्हणून प्रत्येक ई-मेल सेवेला गाळणी लावावी लागते. गाळणी आवश्यक आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पुढे मी तिचे दोष सांगणार असल्यामुळे हे आधीच सांगून ठेवतो.

आपण धानाच्या मुलखातली माणसे. खळ्यावर उफणणी चाललेली आपण सर्वांनी पाहिली आहे. वारा बेताचा असला तर थोडे फोल धानात राहते. वारा जोराचा सुटला तर फोल सारे उडते खरे, पण त्याबरोबर भरलेले दाणेही खळ्याबाहेर जातात. जाणती बाई वाऱ्याचा जोर पाहून सूप वरखाली करते. आणि ढिगाऱ्यात थोडे फोल राहिले तर ती चिंता करीत नाही, कारण ते पुढे पाखडून काढता येते. बाहेर मातीत गेलेला दाणा मात्र परत येत नाही. पत्रांच्या गाळणीचेही असेच आहे. तिच्या हातून दोन प्रकारच्या चुका होतात. निरुपयोगी पत्र आपल्यापुढे येणे ही एक, आणि खऱ्या पत्रावर ठपका बसून ते बाजूला टाकले जाणे ही दुसरी. पहिली चूक आपणांस दिसते, आपण वैतागतो आणि ते पत्र पुसून टाकतो. दुसरी चूक दिसतच नाही. जे पत्र आलेले ठाऊकच नाही त्याची तक्रार कोण करणार?

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. कित्येक पत्रे यंत्र दारातच नाकारते. अशा वेळी पाठविणाऱ्यास 'पत्र पोचले नाही' असा उलट निरोप जातो आणि तो दुसरी काही तजवीज करू शकतो. परंतु जे पत्र यंत्राने आत घेतले आणि मग स्पॅमच्या कप्प्यात टाकले, त्याबद्दल कोणासच काही कळविले जात नाही. त्यालाही कारण आहे. असे कळविले तर ठकालाही आपली कोणती युक्ती फसली हे समजेल आणि तो दुसऱ्या वेळी ती सुधारून येईल. म्हणून यंत्र मौन पाळते. पाठविणारा समजतो, पत्र गेले. घेणारा समजतो, पत्र आले नाही. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. आपल्या जीमेलमध्ये तर ३० दिवसांनंतर तो कप्पा आपोआप साफ होतो आणि सारी हकिगतच पुसली जाते.

आता यंत्र हा निवाडा करते कसे, ते थोडक्यात पाहू. आरंभी ठरावीक शब्द दिसला की पत्र अडवावे, अशी ढोबळ रीत होती. तिची फजिती इंग्लंडातील स्कन्थॉर्प नावाच्या गावाने प्रसिद्ध केली. १९९६ साली त्या गावच्या लोकांना एका मोठ्या अमेरिकन सेवेत आपले खाते उघडता येईना. कारण गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात चार अक्षरांचा एक अश्लील शब्द दडलेला आहे, आणि यंत्राला तेवढाच दिसला. गाव शेकडो वर्षांचे, परंतु यंत्राच्या लेखी ते असभ्य ठरले. आपल्याकडील दीक्षित हे सोज्ज्वळ आडनाव रोमन लिपीत लिहून पाहिल्यास त्यांच्यावरही हाच प्रसंग का ओढवू शकेल ते ध्यानात येईल. अधिक स्पष्ट सांगण्याचे प्रयोजन नाही.

यापेक्षा शहाणी रीत पुढे आली ती संभाव्यतेच्या गणितातून. थॉमस बेझ हा अठराव्या शतकातील एक इंग्रज धर्मोपदेशक. त्याचा या विषयावरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. हाती आलेल्या पुराव्यावरून आपली अटकळ कशी बदलावी, हा त्यातील विचार. १९९८ साली काही अमेरिकन संशोधकांनी तो पत्रे निवडण्याच्या कामी लावला, आणि ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने आपल्या एका लेखातून तो सर्वत्र पोचविला. कल्पना साधी आहे. समजा, १०० टाकाऊ पत्रांपैकी ४० पत्रांत 'लॉटरी' हा शब्द आला आणि १०० चांगल्या पत्रांपैकी एकातच आला. मग तो शब्द असलेल्या नव्या पत्राकडे संशयाने पाहावे. उलट 'केंद्रप्रमुख' किंवा 'पोषण आहार' हे शब्द टाकाऊ पत्रांत सहसा येत नाहीत. ते दिसले की संशय उतरावा. अशा सर्व शब्दांची साक्ष एकत्र करून यंत्र एक आकडा काढते आणि तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की पत्र बाजूला टाकते. ग्रॅहम याने एक गोष्ट मुद्दाम केली होती. चांगल्या पत्रांत एखादा शब्द जितक्या वेळा आला असेल ती संख्या तो दुप्पट धरीत असे. म्हणजे निर्दोषत्वाच्या साक्षीस दुप्पट वजन. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्यास शिक्षा होता कामा नये, हे न्यायाचे तत्त्व त्याने गणितात बसविले असे म्हणावयास हरकत नाही. आजच्या गाळण्या याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या आहेत, तरी मागील उदाहरणांवरून शिकावे हा त्यांचा पाया कायम आहे.

शिकणारा चुकतो कोठे, हे शिक्षकांस सांगावयास नको. जे त्यास थोडे दाखविले गेले त्यात तो चुकतो. जगातील ई-पत्रांच्या राशीत मराठी पत्रांचा वाटा लहान, आणि त्यातही खेड्यातील शाळेस लहान संस्थांकडून येणारी पत्रे म्हणजे त्या राशीतील चिमूटभर. शिवाय आपल्याकडे जुन्या वळणाचे मराठी टंक अद्यापि वापरात आहेत. त्या टंकात लिहिलेला मजकूर आपल्या पडद्यावर देवनागरी दिसतो, परंतु यंत्राच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. अशा रांगेतून त्याने सज्जनपणाची कोणती खूण ओळखावी?

गूगल कंपनीने २०१५ साली असे प्रसिद्ध केले होते की जीमेलमध्ये हव्या असलेल्या पत्रांपैकी चुकून स्पॅममध्ये पडणारी पत्रे १०,००० मागे ५ हूनही कमी आहेत. शाळेस वर्षाकाठी ६०० खरी पत्रे येतात असे धरले, तर या हिशेबाने तीन-साडेतीन वर्षांत एखादे अडकावे. कामगिरी थोर आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु ही सरासरी आहे, आणि ती साऱ्या जगाची आहे. या समोरच्या तलावाची सरासरी खोली कितीही कमी सांगितली, तरी तेवढ्यावर विसंबून आपण पोरांना कोठूनही पाण्यात उतरू देणार नाही.

एका शाळेची हकिगत सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. सातवीतील एका मुलीने धानाच्या बांधीतील पाण्याची पातळी दुरून दिसावी म्हणून बांबूचे एक साधे उपकरण तयार केले होते. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. शिक्षिकाबाईंनी उपकरणाची छायाचित्रे एका सेवाभावी संस्थेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पाठविली आणि त्या उत्तराची वाट पाहत राहिल्या. संस्थेचे उत्तर वेळेवर निघाले होते. त्यातील मजकूर असा होता की, अभिनंदन, आपली निवड झाली आहे, प्रवासखर्चाची रक्कम मंजूर झाली आहे, सोबतच्या लिंकवर सात दिवसांच्या आत बँकखात्याचा तपशील भरावा. बाईंना ते पत्र तीन आठवड्यांनी, दुसरेच काही शोधताना, स्पॅमच्या कप्प्यात सापडले. जागा तोवर प्रतीक्षायादीतील मुलाला गेली होती. बाईंनी मुलीच्या घरी जाऊन सांगितले, तेव्हा आईने एवढेच विचारले, "मग तिची निवड झाली होती, हे तर खरे ना?"

आता ते पत्र यंत्राच्या नजरेने पुन्हा वाचावे. अभिनंदन, निवड, रक्कम मंजूर, सात दिवस, लिंक, बँकखाते. अनोळखी पत्ता आणि एकाच वेळी अनेकांस धाडलेले पत्र. ठकाच्या पत्रात याहून वेगळे काय असते? माझ्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. ठक मनुष्य गरिबाच्या आशेची भाषा बोलतो. बक्षीस, नोकरी, शिष्यवृत्ती, मंजूर रक्कम हेच त्याचे शब्द. त्याने ते इतके वापरले की ते शब्दच संशयित झाले. सुखवस्तू घरच्या मुलास असे एक पत्र न मिळाल्याने फारसे अडत नाही. त्यास वार्ता कळण्याचे दहा मार्ग असतात. ज्याच्या घरी शुभवार्ता एकाच वाटेने येण्याची शक्यता, त्याच्या पत्रावर ठपका बसण्याचा संभव अधिक आणि हानीही अधिक. येथे ना त्या संस्थेचा दोष, ना बाईंचा. परंतु ज्या मुलीचा काडीमात्र संबंध नव्हता तिला त्याची किंमत द्यावी लागली.

हा धोका केवळ ई-मेलपुरता नाही. मोबाईलवर येणाऱ्या व्यापारी संदेशांचा उपद्रव थांबावा म्हणून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली नियम केले. संदेश पाठविणाऱ्याचे नाव आणि संदेशाचा ठरावीक मसुदा आधी नोंदवावा, आणि नोंदीशी न जुळणारा संदेश वाटेतच अडवावा, अशी ती योजना. हेतू निःसंशय चांगला. ८ मार्च २०२१ रोजी ही तपासणी प्रत्यक्ष सुरू झाली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. कारण अनेक संस्थांनी आपले मसुदे नीट नोंदविले नव्हते. कोविडची लस साठ वर्षांवरील नागरिकांसाठी त्याच महिन्याच्या १ तारखेस खुली झाली होती, आणि तिच्या नोंदणीसाठी लागणारे ओटीपीही त्या तडाख्यात सापडले. दुसऱ्याच दिवशी प्राधिकरणाने ती तपासणी सात दिवसांपुरती थांबविली. त्या वेळी चूक सर्वांची एकदम झाली म्हणून ती दिसली आणि दुरुस्तही झाली. एकट्यादुकट्या शाळेची चूक वर्तमानपत्रात येत नाही.

पत्र कोणाचे आहे हे ओळखण्याची व्यवस्था मात्र पूर्वीपेक्षा सुधारली आहे. टपालाचे उदाहरण घेऊ. एकाच नावाची गावे अनेक, हस्ताक्षरे आणि लिप्या नाना. त्यामुळे पत्रे भलतीकडे जात. त्यावर १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. तो सिद्ध करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पत्र कोठे जावयाचे हे सहा अंकांनी निश्चित झाले. विदर्भाचे अंक ४४ ने सुरू होतात हे आपणांस ठाऊकच आहे. ई-मेलमध्ये अडचण उलट बाजूची आहे. कोठे जावयाचे ते पक्के असते, कोठून आले तेच पक्के नसते. पाठविणाऱ्याच्या जागी कोणाचेही नाव लिहिता येते. म्हणून अलीकडे पाठविणाऱ्याच्या यंत्राने पत्रावर एक गुप्त शिक्का उमटवावा आणि घेणाऱ्याच्या यंत्राने तो पडताळावा, अशी पद्धत आली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या कंपन्यांनी, मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांस असा शिक्का सक्तीचा केला. त्याच नियमांत आणखी एक अट आहे. पोचलेल्या पत्रांपैकी हजारी तीन पत्रांवर जरी वाचकांनी 'स्पॅम' अशी तक्रार केली, तरी त्या पाठविणाऱ्याची पुढील पत्रे अडविली जाऊ शकतात.

हजारी तीन! आपणांपैकी काहींना अशी सवय आहे की एखाद्या खऱ्या संस्थेची पत्रे फार येऊ लागली की कंटाळून 'स्पॅम' ही कळ दाबावी. त्या दाबण्याने आपला कंटाळा जातो, पण यंत्र त्याचा अर्थ 'हा मनुष्य लबाड आहे' असा घेते, आणि दुसऱ्या तालुक्यातील ज्या शाळेला ती पत्रे हवी आहेत तिचीही वाट अडते. नको असलेल्या खऱ्या पत्रासाठी नाव कमी करण्याची सोय पत्रातच असते, ती वापरावी. स्पॅमची कळ ठकांसाठी राखून ठेवावी.

या प्रकरणाची कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम १३ अन्वये, उभयतांचे निराळे काही ठरले नसेल तर, पत्र स्वीकारण्यासाठी आपण जे संगणकीय साधन नेमून दिले त्यात ते शिरले की ते आपणांस मिळाले असे धरले जाते. ते वाचले की नाही, हा प्रश्न तेथे नाही. स्पॅमचा कप्पा हा त्याच खात्याचा भाग. मी वकील नव्हे. परंतु "पत्र स्पॅममध्ये होते" एवढे उत्तर प्रत्येक वेळी पुरेल, असे समजून चालू नये.

तेव्हा करावे काय? आठवड्यातून एक दिवस नेमावा. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तो कप्पा उघडून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे. तीस दिवसांची मुदत असल्यामुळे महिन्यातून एकदा पाहणे पुरेसे वाटेल, परंतु सात दिवसांत उत्तर मागणारे पत्र तोवर शिळे होते. पाहताना केवळ पाठविणाऱ्याचे नाव आणि विषय वाचावा. लिंक दाबू नये, जोडपत्र उघडू नये. त्या कप्प्यातील बहुतेक सर्व पत्रे खरोखरच टाकाऊ किंवा घातक असतात, आणि यंत्राने ती बाजूला टाकली ते योग्यच केले हे विसरू नये. एखादे पत्र खरे वाटले तर त्याचा पूर्ण पत्ता पाहावा. नाव कोणतेही असो, पत्त्याची शेवटची अक्षरे काय आहेत ते महत्त्वाचे. सरकारी कार्यालयाचा पत्ता साधारणतः 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा संपतो. तेवढ्यानेही समाधान मानू नये. त्या कार्यालयास किंवा संस्थेस दूरध्वनी करावा, आणि तो क्रमांक त्या पत्रातला नसावा, आपल्याजवळ आधीपासून असलेला असावा. खात्री पटल्यावरच 'स्पॅम नाही' ही कळ दाबावी आणि तो पत्ता आपल्या संपर्कयादीत घालावा. यंत्र त्यावरून शिकते. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

पाठविणारे म्हणूनही आपले काही कर्तव्य आहे. विषयाची जागा कोरी ठेवून, आत एक शब्दही न लिहिता, नुसते जोडपत्र डकवून पाठविण्याची रीत आपल्याकडे फार बोकाळली आहे. ठकही नेमके असेच करतात. विषयात शाळेचे नाव, युडायस क्रमांक आणि काम लिहावे. आत दोन वाक्ये युनिकोड मराठीत लिहावी. आणि काम मुदतीचे असेल तर पोच मागावी. पोच आली नाही तर तिसऱ्या दिवशी दूरध्वनी करावा. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

सहावी-सातवीच्या वर्गासाठी एक उपक्रमही सुचवितो. कागदाच्या चाळीस चिठ्ठ्या कराव्या. वीसांवर लबाड पत्रांचा आणि वीसांवर खऱ्या पत्रांचा मजकूर एका-एका वाक्यात लिहावा. मुलांनी प्रत्येक शब्द कोणत्या गटात किती वेळा आला ते मोजून फळ्यावर मांडावे आणि त्यावरून स्वतःची गाळणी ठरवावी. मग शिक्षकांनी नव्या दहा चिठ्ठ्या वाचून दाखवाव्या, त्यांत शिष्यवृत्तीचे एक अस्सल पत्र असावे. मुले बहुधा त्यावर ठपका ठेवतील. मर्यादा किती सैल केली म्हणजे ते पत्र सुटते, आणि ते सुटताना किती लबाड पत्रे सोबत सुटतात, हे त्यांनीच करून पाहावे. शेकडेवारी आणि संभाव्यता शिकविण्यास याहून चांगले साधन मला ठाऊक नाही, आणि खर्च चाळीस चिठ्ठ्यांचा.

बोलणे पुष्कळ झाले. ज्यांच्या मोबाईलवर शाळेचे खाते उघडलेले आहे त्यांनी तो बाहेर काढावा. डाव्या हाताला वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्या दाबून खाली स्पॅम असे लिहिलेले दिसेल. ज्यांस सापडत नसेल त्यांनी शेजारच्यास विचारावे. कोणतीही लिंक न दाबता, गेल्या तीस दिवसांत आपल्या शाळेस काय काय आले आहे, ते आता एकदा वाचून पाहू.